पावातले संगनमत

दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट १९९४ साली गेली. मतपेटी काळ्या माणसाच्या हाती आली. पण पाव कोणाच्या हाती होता? प्रीमियर, टायगर ब्रँड्स, पायोनियर आणि फूडकॉर्प या चार बड्या कंपन्यांच्या! पिठाच्या गिरण्या त्यांच्या, भट्ट्याही त्यांच्याच. पावाच्या दरावरील सरकारी नियंत्रण १९९१ सालीच उठले होते. खुल्या बाजारात स्पर्धा होईल, असे अर्थतज्ज्ञ सांगत होते. झाले काय?

डिसेंबर २००६ मध्ये वेस्टर्न केप प्रांतातील लहान वितरकांना कंपन्यांच्या नोटिसा आल्या. भाववाढ सारखी, वितरकांच्या सवलतीतली कपातही सारखी. हा योगायोग म्हणायचा का? इम्रान मुकद्दम हे त्यातलेच एक वितरक. त्यांनी व इतरांनी स्पर्धा आयोगाचे दार ठोठावले.

वाचकहो, इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. भाव सारखे असणे हा एवढ्यानेच पुरावा होत नाही. "शेजाऱ्याचा भाव बघून आम्हीही वाढवला," असे कंपनी सहज म्हणते. संगनमत सिद्ध करायला बैठक लागते, फोन लागतो, एकमेकांना दिलेला शब्द लागतो. आणि हे सगळे बंद दाराआड घडते. म्हणून आयोग चोरांमध्येच फूट पाडतो. जो पहिला येऊन सगळे सांगेल, त्याला दंड माफ. दुसऱ्याला ती माफी नाही. प्रीमियरने पहिला नंबर लावला. मग कळले की हा खेळ एका प्रांतापुरता नव्हता, पिठाच्या धंद्यातही तोच चालला होता.

गरिबाच्या ताटातला घास पळवणारा असा सुटतो, याची चीड येते. यायलाच हवी. पण त्याच्या तोंडून बाकीचे सापडले, हेही खरे. टायगर ब्रँड्सने २००७ साली तडजोड करून सुमारे ९.८८ कोटी रँड भरले. फूडकॉर्पने २००९ मध्ये सुमारे ४.५४ कोटी. पायोनियर मात्र लढत राहिली; फेब्रुवारी २०१० मध्ये न्यायाधिकरणाने तिला सुमारे १९.५७ कोटींचा दंड ठोकला.

आपल्याकडचा स्पर्धा कायदा २००२ चा. कबुली देणाऱ्याला सवलत त्यातही आहे. २०२१ साली बिअर कंपन्यांचे संगनमत याच वाटेने उघडे पडले. बिअर सापडली, ठीक. डाळ-तेलाच्या भावामागे कोण बसले आहे, हे विचारायला आपल्यातले किती दुकानदार आयोगापर्यंत जातात?

आणि दंडाचा पैसा? तो सरकारी तिजोरीत जातो. महाग पाव विकत घेणाऱ्या बाईला त्यातून एक नाणेही परत मिळत नाही. म्हणून मुकद्दम आणि त्यांच्यासारखे वितरक सामूहिक भरपाईच्या दाव्याची परवानगी मागत कोर्टात गेले. दोन न्यायालयांनी ती नाकारली. अखेर जून २०१३ मध्ये संविधान न्यायालयाने ते निकाल रद्द केले. तक्रारीला तोवर साडेसहा वर्षे झाली होती.