आयनेटडी: सर्व्हरच्या देवडीवरचा राखणदार

जुन्या वाड्यात एकच देवडीवाला सगळी दारे राखी. कडी वाजली की हव्या त्या माणसाला उठवी. युनिक्स सर्व्हरवर आयनेटडी हेच करतो. एफटीपीच्या पोर्ट २१ वर, टेलनेटच्या २३ वर कान ठेवतो आणि जोडणी आली की तेवढाच प्रोग्रॅम सुरू करतो. मेमरी वाचते.

त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमधली एक ओळ म्हणजे एक दार: सेवेचे नाव, सॉकेटचा प्रकार, प्रोटोकॉल, वेट की नोवेट, युजर, प्रोग्रॅम.

साधे टेलनेट पासवर्ड उघडाच पाठवते. मशीनवर सभासदांचे पत्ते असतील तर त्या ओळीआधी हॅशचे चिन्ह टाका, आयनेटडीला एचयूपी सिग्नल द्या आणि एसएसएच वापरा. आम्ही आधी सगळी दारे लावतो, मग लागतील तेवढीच उघडतो.