पाठभेदांवाचून अकरा कोटी शब्द

होमरपासून कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावापर्यंत ग्रीक भाषेत जे लिहिले गेले आणि वाळवी, आग व लुटालूट यांतून वाचून आपल्यापर्यंत आले, त्यातले बहुतेक सगळे साहित्य आज कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या एका प्रकल्पाने संगणकात भरून ठेवले आहे. 'थेसॉरस लिंग्वे ग्रेके' हे त्याचे लांबलचक नाव. अभ्यासकांच्या तोंडी नुसते 'टीएलजी'. चार हजारांच्या घरात लेखक, दहा हजारांवर ग्रंथ आणि अकरा कोटींहून अधिक शब्द. ग्रीकचा एकही अभ्यासक आज या संग्रहाला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. आकडेच इतके बोलके आहेत की वेगळ्या कौतुकाची गरज पडू नये. पण या संग्रहाचे बळ आणि त्याची उणीव, दोन्ही एकाच निर्णयातून आली आहेत. प्रत्येक ग्रंथाची सहसा एकच छापील आवृत्ती निवडायची, तिच्यातला वरचा पाठ तेवढा घ्यायचा आणि पानाच्या तळाशी बारीक टाइपात दिलेले पाठभेद सोडून द्यायचे, असे सुरुवातीलाच ठरले. तेव्हा ते ठीकच होते. आज ते तसेच चालू ठेवणे मात्र ठीक नाही, असे माझे म्हणणे आहे.

अधिकृत इतिहास थोडक्यात असा. फ्रेंच मुद्रक आंरी एस्तियेनने 1572 साली याच नावाचा ग्रीक कोश पाच खंडांत काढला. त्याच्याच हाताखालच्या माणसाने त्याची स्वस्त संक्षिप्त आवृत्ती बाजारात आणली आणि मालक कर्जात बुडाला. प्रकाशन-व्यवसायाची ही कथा पुण्यात घडली असती तरी शोभली असती. बरोबर चारशे वर्षांनी, 1972 मध्ये, मॅरिअॅन मॅकडॉनल्ड या संशोधक विद्यार्थिनीने असा कोश संगणकाच्या मदतीने करण्याची कल्पना मांडली आणि सुरुवातीचा पैसाही दिला. 'झेनिथ' रेडिओ कंपनीच्या संस्थापकाची ती मुलगी. थिओडोर ब्रुनर यांनी 1998 पर्यंत प्रकल्प चालवला, नंतर सूत्रे मारिया पँतेलिया यांच्याकडे आली. कोश करायला निघालेली मंडळी पुढे कोशाचा नाद सोडून शब्दांचा साठाच करत राहिली, आणि ते बरेच झाले. म्युनिकचा लॅटिन कोश 1894 पासून चिठ्ठ्यांवर चालला आहे आणि अजून संपलेला नाही. आपल्या डेक्कन कॉलेजचा संस्कृत महाकोश 1948 पासून त्याच वाटेवर आहे. अर्व्हाइनने चिठ्ठी लिहिण्याची पायरीच गाळून टाकली.

या साऱ्या यंत्रणेत मन गुंतवून ठेवणारी गोष्ट म्हणजे ग्रीक अक्षरे यंत्राच्या घशाखाली उतरवण्याची युक्ती. सत्तरच्या दशकातल्या संगणकाला इंग्रजीची मोठी अक्षरे, अंक आणि काही चिन्हे एवढेच ठाऊक. प्राचीन ग्रीकमध्ये तर स्वरावर आघाताच्या तीन तऱ्हा, शब्दारंभी हकार आहे की नाही याची खूण आणि काही स्वरांच्या पोटात बारीकसा आयोटा. 'ह्युलेट-पॅकार्ड'च्या संस्थापकाचे चिरंजीव डेव्हिड पॅकार्ड स्वतः ग्रीकचे अभ्यासक होते. त्यांनी 'बीटा कोड' नावाची लिपी-व्यवस्था बसवली. अल्फाला ए, बीटाला बी इथपर्यंत सरळ हिशेब. थीटाला क्यू, सायला वाय आणि ओमेगाला डब्ल्यू, कारण लहान ओमेगा दिसतोच तसा. चढत्या आघाताला तिरकी रेघ, उतरत्याला उलटी तिरकी रेघ, वळणाच्या आघाताला बरोबरचे चिन्ह. हकार असेल तर उघडता कंस, नसेल तर मिटता कंस. मोठे अक्षर हवे तर आधी तारांकन. पान डोळ्यांना भयंकर दिसे, पण कानामात्राही हरवत नसे. ज्यांनी आयट्रान्सच्या रोमन अक्षरांत मराठी लिहिले आहे त्यांना हा खटाटोप समजावून सांगायला नको. या मजकुरात शब्द शोधण्यासाठी पॅकार्ड यांनी 'इबिकस' नावाचा संगणकच उभा केला. मारेकऱ्यांना करकोच्यांनी उघडे पाडले अशी ज्याची आख्यायिका आहे, त्या कवीचे हे नाव. लपलेले हुडकून काढणाऱ्या यंत्राचे बारसे याहून नेमके झाले नसते. 1985 मध्ये हा संग्रह सीडीवर आला. तोवर सीडी म्हणजे गाणी हेच समीकरण होते.

टंकनाचे बहुतेक काम दक्षिण कोरियात आणि पुढे फिलिपिन्समध्ये झाले. ते करणाऱ्यांना ग्रीक येत नव्हते, आणि तोच त्यांचा मोठा गुण होता. भाषा जाणणारा माणूस नकळत दुरुस्ती करतो. न जाणणारा समोर असेल ते टिपतो, आणि त्याची चूक बहुधा इतकी ढळढळीत असते की तपासताना सापडते. बायझंटाइन काळातल्या नकलाकारांविषयी संपादक हेच सांगत आले आहेत. चौदाव्या शतकात थेसालोनिकीच्या डेमेत्रिओस त्रिक्लिनिओसने वृत्तशास्त्राच्या बळावर सोफोक्लीस आणि युरिपिडीस यांचे पाठ सुधारले. तो विद्वान होता, म्हणूनच त्याची प्रत वाचताना सावध राहावे लागते. आपल्याकडे एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्यांच्या आधीचा पाठ कसा होता हा प्रश्न तेव्हापासून संशोधकांचा पिच्छा पुरवतो आहे. टीएलजीची मूळ योजना प्राचीन काळापुरती होती, पुढे ती 1453 पर्यंत वाढवली, हे यासाठीच योग्य झाले. बायझंटियम हा नुसता माल वाहून आणणारा हमाल नव्हता. वाटेत त्याने गाठोडे अनेकदा सोडून पुन्हा बांधले आहे.

आता तळटीपांकडे येऊ. चिकित्सक आवृत्तीच्या पानावर वर संपादकाने पसंत केलेला पाठ असतो आणि खाली, कोणत्या हस्तलिखितात काय आहे, कोणत्या विद्वानाने काय सुचवले, याची आखडत्या संकेतांतली नोंद. वरचा भाग निकाल, खालचा पुरावा. एस्किलसचे 'हिकेटिडेस' हे नाटक जवळजवळ सर्वस्वी फ्लॉरेन्सच्या एकाच हस्तलिखिताच्या आधाराने टिकले आहे, आणि तेही जागोजागी बिघडलेले. वाचता येईल असा पाठ द्यायचा तर संपादकाला स्वतःच्या तर्काने शब्द बसवावे लागतात. पुस्तकात ती कारागिरी दिसते. यंत्रातल्या शोधात मात्र एस्किलसचा शब्द आणि एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या प्राध्यापकाचा शब्द एकाच पंगतीत बसतात. आणखी एक घोळ आहे. हरवलेल्या कवीची ओळ दुसऱ्या कुणाच्या ग्रंथात अवतरण म्हणून येते आणि त्या कवीच्या अवशेषांच्या संग्रहातही येते. ती दोनदा मोजली जाते. 'हा शब्द अमुक शतकाआधी कुणी वापरलेलाच नाही' असे विधान केवळ शोधाच्या भरवशावर करणाऱ्याने हे विसरू नये. वापरलेला असेल, पण तो तळटीपेत असेल.

यावर पहिला आक्षेप असा, की खरा अभ्यासक शेवटी पुस्तक उघडतोच. उघडतो, मान्य. पण कोणते पान उघडायचे ते त्याला यंत्र सांगते, आणि जे यंत्राला दिसलेच नाही त्याच्या पानापर्यंत तो जात नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. पाठभेदांची यादीही संपादकानेच निवडलेली असते, मग तिला पुरावा कसे म्हणायचे? खरे आहे. तरीही आपल्या निवडीबद्दल साशंक असलेला संपादक आणि निःशंक असलेला संपादक यांतला फरक त्या यादीतून कळतो. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संपादक सुखठणकरांनी याहून सुबक सोय केली. जो पाठ पुरेसा पक्का नाही त्याच्याखाली नागमोडी रेष. बाराशेंवर हस्तलिखितांचा धांडोळा घेणारे हे काम 1966 मध्ये पुरे झाले, आणि पानोपानी ती रेष वाचकाला थबकवते. क्योटोच्या मुनेओ तोकुनागा यांनी हे महाभारत संगणकावर आणले तेव्हा संहितेचा पाठ आला, पाठभेदांचा डोंगर पुस्तकांतच राहिला. म्हणजे दोष एकट्या अर्व्हाइनचा नाही. सगळीकडे आधी निकाल टंकला गेला.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तिथे मी अर्व्हाइनच्याच बाजूचा आहे. 1972 मध्ये पाठभेदही घ्यायचे ठरवले असते तर हा प्रकल्प म्युनिकच्या रांगेत जाऊन उभा राहिला असता. तळटीपेतले संकेत आवृत्तीगणिक बदलतात, ते ग्रीक न येणाऱ्याला टंकता येत नाहीत आणि ग्रीक येणारे इतके मिळत नाहीत. पण त्या वेळची अडचण आता धोरण होऊन बसली आहे, आणि संग्रहाचे वाचकही बदलले आहेत: आता त्यांत यंत्रेही आहेत. 2022 मध्ये 'इथाका' नावाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेवरचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. पॅकार्ड यांच्याच संस्थेने जमवलेल्या ग्रीक शिलालेखांवर ती शिकवलेली होती. मजकुरातली लपवलेली अक्षरे ओळखण्याच्या कसोटीत एकटे यंत्र 62 टक्के बरोबर आले, एकटे तज्ज्ञ 25 टक्के, आणि यंत्र हाताशी घेतलेले तज्ज्ञ 72 टक्के. निकाल थक्क करणारा आहे. पण लपवलेली अक्षरे छापील संपादित पाठातलीच असतात. शिलालेखवाल्यांनी आणि पपायरसवाल्यांनी 1931 मध्ये लायडन इथे नियम ठरवले: फुटून गेलेला भाग चौकोनी कंसात, धूसर अक्षराखाली टिंब. म्हणून त्यांच्याकडे शंका मजकुरातच वस्तीला असते. टीएलजीसारख्या ग्रंथसंग्रहावर उद्या कुणी असेच यंत्र शिकवले, तर संपादकांचे तर्क ते एस्किलसची शैली म्हणून शिकेल आणि त्याच शैलीत पुढचे तर्क करून दाखवील.

शिवाय दार बंद आहे. संक्षिप्त संग्रह नोंदणी करून फुकट पाहता येतो, पूर्ण संग्रहाला वर्गणी लागते, आणि सगळा मजकूर उचलून त्यावर स्वतःची पाठभेदांची भर घालण्याची मुभा कुणाला नाही. त्यालाही कारण आहे. आधुनिक आवृत्त्यांवर प्रकाशकांचे हक्क आहेत, आणि वर्गणीवाचून पन्नास वर्षांचा कारखाना चालत नाही. टफ्ट्स विद्यापीठाच्या ग्रेगरी क्रेन यांच्या 'पर्सियस'ने उलट वाट धरली. हक्क संपलेल्या जुन्या आवृत्त्या घेतल्या आणि सगळे खुले केले. तिथे मुभा आहे, पण मधल्या शंभर वर्षांतली संपादकीय मेहनत नाही. जुन्या आवृत्तीवर फुकट काम करावे की नव्या आवृत्तीला हात न लावता नुसते शोधावे, यांतून अभ्यासकाला निवड करावी लागते. पाठभेदांसकट संगणकीय आवृत्ती कशी असावी हे ओक्लाहोमा विद्यापीठाच्या 'डिजिटल लॅटिन लायब्ररी'ने करून दाखवले आहे. तिथे प्रत्येक भेद, प्रत्येक सूचना आणि तिचा कर्ता अशा रीतीने नोंदवतात की यंत्रालाही ते वाचता यावे. सीझरच्या नावावर खपलेल्या अलेक्झांड्रियाच्या युद्धवृत्तांतासारख्या लहान ग्रंथाच्या आवृत्तीला तिथे अनेक संपादकांचे हात लागले. हा एक ग्रंथ झाला, आणि तोही लॅटिन. अर्व्हाइनमध्ये ग्रीकचे दहा हजार आहेत.