गिरणी हलवताय? आधी मीटरचं बघा



तुरीचा हंगाम आटोपला की बरेच जण डाळमिल, तेलघाणा, मसाला कांडप घरातून रस्त्यालगतच्या शेडमध्ये नेतात. मशीन एका दिवसात हलतं. वीज-पाण्याचं मात्र तसं नाही. आपल्या एका सभासदाने जुनी जागा सोडली, पण मीटर बंद करण्याचा अर्ज द्यायचा राहिला. मशीन बंद, युनिट शून्य, तरी स्थिर आकाराचं बिल दर महिन्याला येतच राहिलं. चूक कोणाचीच नाही, अर्जच दिला नव्हता! म्हणून खालील क्रम लक्षात ठेवा.

*१) हलवण्याआधी दीड-दोन महिने*
नव्या जागेत मीटर असेल तर त्याचा ग्राहक क्रमांक घेऊन थकबाकी तपासा. मागच्याचं थकलेलं बिल नव्या माणसाच्या गळ्यात पडू शकतं. थकबाकी नसल्याचं पाहूनच भाडेकरार करा.
मीटर नसेल तर महावितरणच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर नव्या जोडणीचा अर्ज करा. जागेचा उतारा (भाड्याची असेल तर करार आणि मालकाचं संमतीपत्र) आणि परवानाधारक वीज ठेकेदाराचा चाचणी अहवाल तयार ठेवा.

*२) भार नीट मोजा*
१ एचपी म्हणजे सुमारे ०.७५ किलोवॅट. १० एचपीची मोटर धरली तर साडेसात किलोवॅट झाले. त्यात कांडप, पंखे, दिवे मिळवा आणि तेवढा भार मंजूर करून घ्या.

*३) शेतीपंपाच्या लाइनवर गिरणी नको*
शेड शेतातच आहे, लाइन जवळच आहे, म्हणून आकडा जोडायचा मोह होतो. तसं अजिबात करू नका. शेतीचा दर शेतीच्या वापरासाठीच आहे. दुसरा वापर सापडला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. वापर कधीपासून होता ते ठरवता आलं नाही, तर मागचे १२ महिने धरले जातात. वाचवायला गेलो हजार आणि भरले लाख, असं व्हायला नको.

*४) हलवण्याच्या दिवशी*
नवी जोडणी सुरू झाल्यावरच जुनी सोडा. जुन्या आणि नव्या, दोन्ही मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा. मीटर क्रमांक आणि आकडे स्पष्ट दिसले पाहिजेत. जुनं मीटर घरमालकाच्या नावावर असेल तर त्या रीडिंगपर्यंतचा हिशेब कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा.

*५) जुनं मीटर तुमच्या नावावर असेल तर*
वीजपुरवठा कायमचा बंद करण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. शेवटचं बिल भरा. मग सुरक्षा ठेव परत मागा, सोबत बँक खात्याचा तपशील जोडा. ठेवीचे पैसे तुमचे आहेत, पण मागितल्याशिवाय हातात येतील असं धरू नका.

*६) बाकीच्या सेवा*
ग्रामपंचायतीच्या नळाची पाणीपट्टी भरून जोडणी बंद करा किंवा नाव बदला. इंटरनेटचं मोडेम परत करून पावती घ्या. १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर असेल तर गॅस एजन्सीला नवा पत्ता कळवा. जीएसटी नोंदणी असेल तर पत्ता बदलल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती करायची असते. फूड लायसन्स जागेवरच असतं, त्यामुळे नव्या पत्त्याचं काम आधीच मार्गी लावा.

*सावधान!* नव्या जोडणीच्या गडबडीत "आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला तर फोन करू नका, लिंक उघडू नका, ओटीपी देऊ नका. खरी चौकशी १९१२ वर करा.

अर्ज भरताना अडलात तर बिलाची जुनी प्रत घेऊन कंपनीच्या कार्यालयात या, आपण बसून भरू. शेजारचा कोणी गिरणी हलवत असेल तर त्यालाही हा मेसेज पाठवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी