उत्पन्नाची दरी आणि मालमत्तेची दरी
(अमेरिकेतील वांशिक आर्थिक विषमतेच्या समाजशास्त्रीय उपपत्ती)

अमेरिकेतील कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय समाजांमधील आर्थिक विषमतेची चर्चा बहुधा उत्पन्नाच्या आकड्यांवरून केली जाते. २०२२ साली कृष्णवर्णीय कुटुंबांच्या वार्षिक उत्पन्नाचा मध्यक श्वेतवर्णीय कुटुंबांच्या मध्यकाच्या सुमारे दोन-तृतीयांश होता. परंतु तेथील मध्यवर्ती बँकेने त्याच वर्षी केलेल्या पाहणीत निव्वळ मालमत्तेचा, म्हणजे घर, ठेवी, रोखे इत्यादींच्या किमतीतून देणी वजा जाता उरणाऱ्या रकमेचा, मध्यक श्वेतवर्णीयांत २,८५,००० डॉलर, तर कृष्णवर्णीयांत ४४,९०० डॉलर आढळला. हे प्रमाण एक-षष्ठांशाहूनही कमी भरते. एकाच समाजाविषयीचे हे दोन आकडे इतके भिन्न का असावेत, ह्या प्रश्नाकडे समाजशास्त्राचे लक्ष उशिरा गेले. ज्या उपपत्ती दीर्घकाळ प्रचलित होत्या, त्या मुख्यतः पहिल्या आकड्याचा उलगडा करण्यासाठी रचलेल्या होत्या.

त्यांपैकी सांस्कृतिक उपपत्तीचा निर्देश थोडक्यात करणे पुरेसे आहे. मेक्सिकोतील कुटुंबांच्या अभ्यासातून ऑस्कर लुईस ह्यांनी १९५९ साली ‘दारिद्र्याची संस्कृती’ ही कल्पना मांडली. १९६५ साली डॅनियल मॉइनिहन ह्यांच्या सरकारी अहवालाने कृष्णवर्णीयांच्या दैन्याचे मूळ विस्कळीत कुटुंबव्यवस्थेत शोधले. ह्या विस्कळीतपणाची कारणे खुद्द अहवालात गुलामगिरी व बेकारी अशी दिलेली असूनही वादात त्यांचा विसर पडला, हे नमूद करावयास हवे. विल्यम रायन ह्यांनी १९७१ साली ह्या विचारसरणीवर घेतलेला आक्षेप असा की, तीत पीडितालाच पीडेचा दोष दिला जातो. तो आक्षेप मला मूलतः बरोबर वाटतो.

भेदभावाची उपपत्ती ह्याहून भक्कम पुराव्यावर उभी आहे. डेव्हा पेजर ह्यांनी मिल्वॉकी शहरात सारख्या पात्रतेचे तरुण नोकरीच्या अर्जांसाठी पाठविले आणि त्यांपैकी काहींच्या नावावर तुरुंगवासाची खोटी नोंद दाखविली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार निष्कलंक श्वेत उमेदवारांस ३४ टक्के, कलंकित श्वेत उमेदवारांस १७ टक्के, निष्कलंक कृष्ण उमेदवारांस १४ टक्के आणि कलंकित कृष्ण उमेदवारांस ५ टक्के ठिकाणांहून प्रतिसाद मिळाला. तुरुंगात जाऊन आलेला गोरा उमेदवार निर्दोष काळ्या उमेदवाराहून मालकांस अधिक ग्राह्य वाटला, असा ह्याचा अर्थ होतो. अशाच चाचणीचा प्रयोग सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल ह्यांनी आपल्याकडील खाजगी कंपन्यांच्या बाबतीत आडनावांच्या साहाय्याने केला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलित आडनावाच्या अर्जदारांस तुलनेने कमी प्रतिसाद आढळला.

विल्यम ज्यूलियस विल्सन ह्यांचे मत मात्र वेगळे होते. १९७८ व १९८७ सालच्या ग्रंथांत त्यांनी असे प्रतिपादन केले की, शहरांतील कारखाने बंद पडल्याने अल्पशिक्षित कृष्णवर्णीयांची रोजगाराची साधनेच नष्ट झाली, आणि आता वंशापेक्षा वर्गस्थान अधिक निर्णायक ठरत आहे. वेतनापुरते पाहिल्यास ह्या मतात बरेच तथ्य आहे.

तथापि मालमत्ता ही वेतनाप्रमाणे दरसाल नव्याने मिळत नाही. ती साठते, वाढते आणि वारशाने पुढे जाते. म्हणून तिचा उगम पाहण्यासाठी मागे जावे लागते. ज्या दास्यमुक्तीच्या गौरवार्थ जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ अमेरिकेतील लोकांस अर्पण केला, त्या मुक्तीबरोबर जमीन मात्र आली नाही. जनरल शर्मन ह्यांच्या जानेवारी १८६५ च्या हुकुमाने दक्षिणेच्या किनारपट्टीवर चाळीस एकरांपर्यंतचे तुकडे मुक्त गुलामांस दिले गेले खरे. परंतु त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन ह्यांनी त्या जमिनी बहुतांशी पूर्वीच्या मालकांस परत केल्या.

विसाव्या शतकात सर्वसामान्य अमेरिकन कुटुंबाची मालमत्ता म्हणजे मुख्यतः राहते घर. ते दीर्घ मुदतीच्या कर्जावर घेता येऊ लागले, ह्याचे श्रेय १९३४ साली स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाला जाते. हे प्रशासन स्वतः कर्ज देत नसे, तर बँकांच्या कर्जाची हमी घेत असे. हमी कोणत्या घरास द्यावी ह्याविषयीच्या १९३८ सालच्या नियमपुस्तिकेत, वस्तीत भिन्न वंशाच्या लोकांस मज्जाव करणाऱ्या अटी खरेदीखतांत असाव्यात, अशी शिफारस होती. (लाल रंगाने धोकादायक वस्त्या दाखविणारे गृहकर्ज महामंडळाचे नकाशे अलीकडे फार प्रसिद्धीस आले आहेत, पण माझ्या मते नकाशांहून ही हमी अधिक परिणामकारक होती.) न्यूयॉर्कजवळील लेव्हिटाउन ही वसाहत १९४७ पासून उभी राहिली. तेथील घरे १९४९ साली ७,९९० डॉलरांस मिळत, पण आरंभीच्या करारान्वये गौरवंशीयांखेरीज कोणासही तेथे राहता येत नसे.

ज्यांस बँकेचे दार बंद होते त्यांनी घरे घेतलीच नाहीत असे नव्हे. शिकागोत ती हप्त्यांच्या करारावर विकली जात. सट्टेबाज दलाल घर स्वस्तात घेऊन कृष्णवर्णीय कुटुंबास पुष्कळदा दुप्पट किमतीस देई. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विक्रेत्याकडेच राही आणि एखादा हप्ता चुकला तरी घर व भरलेली रक्कम दोन्ही जात. १९६८ साली लॉनडेल भागातील अशा खरेदीदारांनी संघटित होऊन लढा दिला. गृहव्यवहारातील वांशिक भेदभावास बंदी घालणारा कायदाही त्याच वर्षी झाला. तोपर्यंत श्वेत कुटुंबांच्या एका संबंध पिढीची घरे महागली होती. कृष्ण कुटुंबांनीही त्या काळात पैसा भरला होता, पण तो त्यांच्या मालमत्तेत जमा झाला नव्हता.

मेल्विन ऑलिव्हर व थॉमस शपिरो ह्यांनी १९९५ साली ह्या प्रक्रियेस नदीतळाशी गाळ साचण्याची उपमा दिली. प्रत्येक काळातील अन्याय आपला थर मागे ठेवतो आणि पुढील पिढीची सुरुवात त्या थरावरून होते. ह्या उपपत्तीचे वैशिष्ट्य असे की, आज कोणीही भेदभाव करीत नाही असे गृहीत धरले तरी विषमता टिकून राहण्याचे कारण ती दाखवू शकते. २०१९ ते २०२२ ह्या काळातील आकडे ह्या दृष्टीने बोलके आहेत. महागाई वजा जाता कृष्णवर्णीयांच्या मालमत्तेचा मध्यक ६१ टक्क्यांनी वाढला आणि श्वेतवर्णीयांचा ३१ टक्क्यांनी. वाढीचा वेग जवळजवळ दुप्पट असूनही दोहोंमधील प्रत्यक्ष अंतर सुमारे ५०,००० डॉलरांनी रुंदावले, कारण आरंभीचे भांडवलच विषम होते.

येथवर पाहता मालमत्तेची उपपत्ती सर्वसमावेशक वाटू लागते. डाल्टन कॉन्ली ह्यांनी १९९९ साली तसाच पक्ष मांडला होता. आईवडिलांची मालमत्ता समान धरल्यास शिक्षणातील पुष्कळसा वांशिक फरक नाहीसा होतो, असे त्यांस दिसले. परंतु राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दोन कोटी मुलांच्या करनोंदी व जनगणनेच्या नोंदी जोडून केलेला, २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास ह्या मतास सहज सामावून घेता येत नाही. आईवडिलांचे उत्पन्न सारखे असताही कृष्णवर्णीय मुलगे मोठेपणी श्वेतवर्णीय मुलग्यांहून बरेच कमी कमावतात आणि पालकांची मालमत्ता हिशेबात घेतल्याने हा फरक फारसा कमी होत नाही. मुलींच्या व्यक्तिगत कमाईत मात्र असा फरक जवळजवळ आढळत नाही. केवळ वारसा हे कारण असते, तर तो मुलींनाही तितकाच बाधला असता. तेव्हा मालमत्तेच्या दरीसाठी गाळाची उपपत्ती आणि मुलग्यांच्या कमाईसाठी पेजर ह्यांनी दाखविलेला भेदभाव, अशी विभागणी निदान तूर्त करावी लागते. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळते. ज्या थोड्या वस्त्यांत हा फरक कमी आहे, तेथे दारिद्र्य कमी असते, श्वेतवर्णीयांतील वंशद्वेष कमी असतो आणि कृष्णवर्णीय वडील घरोघरी राहत असतात. त्यांतही मुलाचे स्वतःचे वडील घरात आहेत की नाहीत ह्यापेक्षा वस्तीत असे वडील किती आहेत, ह्याला महत्त्व दिसते. मॉइनिहन ह्यांनी जे कारण कुटुंबात शोधले होते, ते येथे वस्तीत सापडते.