अर्धी नजर आणि घरची माणसे

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत, तुर्भ्याच्या दगडखाणींवर, वाशीच्या बाजारात ज्यांनी उभी हयात राबून काढली, ती आपली माणसे आता सत्तरीला आली. दिघ्यापासून नेरूळपर्यंत कोणत्याही वस्तीत जा, भिंतीला हात लावत चालणारी एखादी आजी, एखादे बाबा हमखास भेटतात.

पूर्ण आंधळ्या माणसाला लोक सांभाळून घेतात. अर्धवट दिसणाऱ्याची मात्र फार कुचंबणा होते. "दारात उभ्या सुनेला ओळखले नाही, पण कोपऱ्यातला तांब्या बरोबर उचलला. म्हातारी सोंग करते!" असे बोलणारे आपल्यातच आहेत. वाचकहो, ते सोंग नसते. म्हातारपणी डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला की समोरचा चेहरा धूसर होतो, पण कडेचे दिसत राहते. काचबिंदूत बहुधा याच्या उलट होते. आधी कडेची नजर जाते, मधली उशिरापर्यंत टिकते. असा माणूस पेपर वाचतो आणि उठताना शेजारच्या बादलीला अडखळतो. दोघेही खरेच सांगत असतात.

याहून अवघड प्रकार वेगळाच. "समोर पोरे बसलीत", "भिंतीवर वेलबुट्टी दिसते" असे आजी सांगू लागते आणि घर घाबरते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही अशा वेळी चोरून लिंबू उतरवले जाते, हे लपवण्यात अर्थ नाही. नजर कमी झाली की डोळ्यांकडून न येणारी चित्रे मेंदू कधी कधी स्वतःच रंगवतो. शार्ल बोने या स्विस अभ्यासकाने आपल्या आजोबांचा असा अनुभव १७६० मध्ये नोंदवून ठेवला, म्हणून या प्रकाराला त्याचेच नाव आहे. ही चित्रे मुकी असतात. ती खरी नाहीत हे बहुतेकांना समजावल्यावर पटते. आजीला वेड लागलेले नाही, बाधाही झालेली नाही. तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि दिसते ते सगळे सांगू द्या. आवाजही ऐकू येत असतील किंवा बोलण्यात गोंधळ होत असेल, तर मात्र कारण दुसरे असू शकते. तेव्हा दवाखाना लांबवू नका.

दवाखान्याचे थोडक्यात. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते. ते शस्त्रक्रियेने बदलता येते, आणि १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. थेंब असतात ते उरलेली नजर राखण्यासाठी. "थेंब घालून काही फरक पडत नाही" म्हणून ते बंद करणारे पुष्कळ आहेत. फरक न पडणे हाच त्या थेंबांचा गुण! साखरेचा आजार असेल तर दिसत असतानाही वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा. इलाजानंतरही दृष्टिदोष ४० टक्के किंवा त्याहून अधिक ठरला, तर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळते. ते काढून ठेवावे.

आता घराकडे वळू. सिडकोच्या बैठ्या घरांत उजेड येतो तो पुढच्या खिडकीतून, आणि स्वयंपाक असतो मागे अंधारात. ओट्यावर एक दिवा लावा, पण तो कामावर पडावा, डोळ्यांवर नको. पांढरा भात स्टीलच्या ताटात हरवतो, गडद रंगाच्या ताटलीत दिसतो. शेवटच्या पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा ओढा. दार पूर्ण उघडे ठेवा नाहीतर पूर्ण बंद, कारण अर्धवट उघडे दार थेट कपाळावर येते. सकाळच्या बाटलीला एक रबर, रात्रीच्या बाटलीला दोन. डोळ्यांचे थेंब आणि चिकटवायच्या डिंकाची नळी एका फळीवर कधीही ठेवू नका. सर्वांत मोठा नियम म्हणजे न सांगता वस्तू हलवायची नाही. सूनबाईंनी हौसेने डबे नव्याने लावले की आजी आपल्याच घरात पाहुणी होते.

पैसा तिच्याच हाती राहू द्या. नव्या १००, २०० आणि ५०० च्या नोटांची उंची सारखीच, ६६ मिलिमीटर. लांबी अनुक्रमे १४२, १४६ आणि १५०. म्हणजे चार-चार मिलिमीटरचा खेळ! शंभराच्या कडेला चार उंच रेघा असतात, पाचशेच्या कडेला पाच. दोनशेला चार रेघा आणि मधे दोन गोल. नोट जुनी झाली की त्या बोटाला लागत नाहीत. म्हणून पाचशेची चार घड्या करून, दोनशेची एक घडी करून आणि शंभराची सरळ ठेवायची सवय लावावी. वीस रुपयांच्या नाण्याला १२ कडा आहेत, ते बोटाला लगेच कळते.

वाचनाचेही तसेच. बाबासाहेबांना मधुमेह होता, अखेरच्या वर्षांत नजर अधू झाली होती, तरी लेखन थांबले नाही. टंकलेखनाला नानकचंद रत्तू होते. आपल्या घरी शाळेत जाणारा नातू असतो, त्याने रोज दहा मिनिटे मोठ्याने पेपर वाचून दाखवावा.

विहारात किंवा स्टेशनवर नेताना आजीचे मनगट धरून ओढू नका. आपले कोपर तिच्या हाती द्या, अर्धे पाऊल पुढे चाला आणि जिना आला की नुसते "सांभाळ" म्हणू नका. "आजी, एक पायरी खाली" असे सांगा.