परदेशी स्थलांतर आणि वैयक्तिक अर्थव्यवस्थापन : ‘निवासी’ या संज्ञेचे दोन अर्थ

प्रस्तावना

शिक्षण, नोकरी अथवा व्यवसाय यांच्या निमित्ताने महाराष्ट्रातून परदेशी जाणाऱ्या तरुणांची पूर्वतयारी प्रामुख्याने पारपत्र, प्रवेशपरवाना आणि विमानाचे तिकीट यांभोवती फिरते. मागे राहणारी बँक खाती, भविष्य निर्वाह निधी, वडिलोपार्जित शेतजमीन आणि आईवडिलांच्या दैनंदिन खर्चाची तरतूद यांचा विचार ‘तेथे गेल्यावर पाहू’ म्हणून पुढे ढकलला जातो. वस्तुतः देश सोडताच व्यक्तीची कायदेशीर स्थिती बदलते आणि तिच्या बहुतेक आर्थिक व्यवहारांचे नियमही बदलतात. हा बदल कसा होतो आणि त्यानुसार कोणती पूर्वतयारी आवश्यक ठरते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दोन कायदे, दोन कसोट्या

या विषयातील बहुतांश गोंधळाचे मूळ ‘निवासी’ या एकाच शब्दात आहे. १९७३ च्या विदेशी चलन नियमन कायद्याची जागा घेणारा विदेशी चलन व्यवस्थापन अधिनियम १९९९, म्हणजेच ‘फेमा’, १ जून २००० पासून अमलात आला. या कायद्यात हेतूला महत्त्व आहे. नोकरी किंवा व्यवसायासाठी, अथवा अनिश्चित काळ राहण्याच्या हेतूने देशाबाहेर गेलेली व्यक्ती प्रस्थानापासूनच अनिवासी ठरते. शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनाही अनिवासी मानावे, असे रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये स्पष्ट केले.

आयकर कायद्याची कसोटी मात्र दिवसांच्या गणनेची आहे. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा त्याहून अधिक काळ भारतात राहिला असेल, तर तो त्या वर्षापुरता करदृष्ट्या निवासीच राहतो. १९६१ च्या अधिनियमाऐवजी १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख ठरविलेल्या आयकर अधिनियम २०२५ मध्येही हे मूळ तत्त्व कायम आहे.

या फरकाचा व्यवहारातील परिणाम एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. एक अभियंता १० सप्टेंबर रोजी दुबईत नोकरीसाठी रवाना झाला, तर त्या वर्षातील त्याचा भारतातील मुक्काम १६३ दिवसांचा भरतो. तो दोन्ही कायद्यांन्वये अनिवासी ठरतो आणि दुबईतच हाती पडलेल्या वेतनावर भारतात कर लागत नाही. तोच १० नोव्हेंबरला गेला, तर मुक्काम २२४ दिवसांचा होतो. फेमानुसार तो अनिवासी असला तरी आयकरासाठी निवासी राहतो. परिणामी मार्चअखेरपर्यंतचे दुबईतील वेतन भारतातील विवरणपत्रात दाखविणे त्याला साधारणतः भाग पडते. संयुक्त अरब अमिरातीत वैयक्तिक आयकर नसल्याने तेथे भरलेल्या कराची वजावट मिळण्याचाही प्रश्न उरत नाही. केवळ दोन महिन्यांच्या अंतराने होणारा हा फरक कित्येक कुटुंबांच्या वर्षभराच्या बचतीइतका असू शकतो.

बँक खात्यांची पुनर्रचना

अनिवासी व्यक्तीला सामान्य निवासी बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेस स्थितीतील बदल कळवून ते एनआरओ खात्यात रूपांतरित करावे लागते. घरभाडे, लाभांश, निवृत्तिवेतन असे भारतातील उत्पन्न या खात्यात जमा होते. त्यावरील व्याज करपात्र असून करवजावटीनंतर खात्यातील शिल्लक एका आर्थिक वर्षात दहा लाख अमेरिकी डॉलरपर्यंत परदेशी नेता येते.

परदेशातील कमाई भारतात ठेवण्यासाठी एनआरई खाते असते. हे रुपयातील खाते असून त्यातील मुद्दल व व्याज मर्यादेविना परत नेता येते. विनिमय दरातील चढउताराचा धोका टाळावयाचा असल्यास एक ते पाच वर्षे मुदतीची, परकीय चलनातील एफसीएनआर ठेव हा पर्याय उपलब्ध आहे. एनआरई खात्यावरील व्याज भारतात करमुक्त आहे आणि ही सवलत फेमामधील अनिवासी स्थितीवर अवलंबून आहे. म्हणूनच कायमचे परतल्यावर हे खाते तसेच चालू ठेवून करमुक्तीचा लाभ घेत राहणे नियमबाह्य ठरते.

आईवडिलांच्या सोयीसाठी ही खाती जवळच्या निवासी नातेवाइकाबरोबर ‘प्रथम खातेदार किंवा हयात व्यक्ती’ या तत्त्वावर संयुक्तपणे ठेवता येतात, अथवा त्यांना मुखत्यारपत्र देता येते. कुटुंबाच्या चरितार्थासाठी आईवडिलांना पाठविलेली रक्कम त्यांच्या हाती करपात्र उत्पन्न ठरत नाही.

भारतातून बाहेर जाणारा पैसा

प्रारंभीचा खर्च आणि शिक्षणशुल्क यांसाठीची रक्कम बहुधा उदारीकृत प्रेषण योजनेतून पाठविली जाते. ही योजना २००४ मध्ये २५,००० डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली. २०१५ पासून ही मर्यादा प्रतिवर्षी २,५०,००० डॉलर आहे. योजनेचा लाभ केवळ निवासी व्यक्तींना मिळतो. त्यामुळे विद्यार्थी परदेशी गेल्यानंतर पैसे पाठविणारा पालक हाच या योजनेचा वापरकर्ता ठरतो. ठरावीक रकमेपलीकडे बँक उगमस्थानी जो कर गोळा करते, तो अतिरिक्त कर नव्हे. विवरणपत्र भरून त्याचे समायोजन किंवा परतावा मिळविता येतो. अनेक पालक विवरणपत्रच भरत नसल्याने ही रक्कम अडकून राहते.

गुंतवणूक आणि शेतजमीन

अनिवासी व्यक्तीला सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे नवीन खाते उघडता येत नाही. आधीचे खाते मुदतपूर्तीपर्यंत चालविता येते, परंतु मुदतवाढ मिळत नाही. शेतजमिनीबाबतचा नियम महाराष्ट्रातील कुटुंबांना विशेष लागू पडतो. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. मात्र निवासी असताना घेतलेली जमीन बाळगता येते आणि वारसाहक्काने आलेली स्वीकारता येते. अशी जमीन विकावयाची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. म्हणून प्रस्थानापूर्वीच सातबारा उताऱ्यावरील प्रलंबित वारसनोंदी पूर्ण करणे आणि सर्व खात्यांवर नामनिर्देशन करणे हितावह ठरते. परदेशातून मुखत्यारपत्र करणे शक्य असले, तरी त्याची औपचारिकता वेळखाऊ असते.

यजमान देशाचे नियम

भारतात करमुक्त असलेले उत्पन्न सर्वत्र करमुक्त असते, हा समज चुकीचा आहे. अमेरिका आपल्या करनिवासींच्या जागतिक उत्पन्नावर कर आकारते. त्यामुळे एनआरई खात्यावरील व्याज तेथे करपात्र ठरते. शिवाय अमेरिकेबाहेरील खात्यांतील एकूण शिल्लक वर्षभरात कधीही १०,००० डॉलरपेक्षा अधिक झाली, तर तिची माहिती तेथील शासनास स्वतंत्रपणे द्यावी लागते. दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारांचा लाभ घेण्यासाठी करनिवासाचे प्रमाणपत्र आवश्यक असते.

भारतीय कंपनीने बेल्जियम किंवा जर्मनीसारख्या सामाजिक सुरक्षा करार असलेल्या देशात पाठविलेल्या कर्मचाऱ्याने कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेचे व्याप्ती प्रमाणपत्र सोबत न्यावे. त्यामुळे विहित कालावधीपर्यंत तेथील सामाजिक सुरक्षा निधीत वेगळे अंशदान भरावे लागत नाही.

निष्कर्ष

परदेशी स्थलांतरातील आर्थिक नुकसान पुष्कळदा चुकीच्या गुंतवणुकीपेक्षा स्थितीतील बदल न कळविल्यामुळे होते. फेमाच्या उल्लंघनाबद्दल संबंधित रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. अज्ञान हा त्यावर बचाव होऊ शकत नाही. प्रस्थानाची तारीख ठरविताना दिवसांची गणना, निघण्यापूर्वी बँकेशी चर्चा, जमिनीच्या नोंदींची पूर्तता आणि यजमान देशातील करनियमांची माहिती या चार बाबी पाळल्यास बहुतेक अडचणी टळतात. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणारे विद्यार्थी शिफारसपत्रासाठी आपल्या अध्यापकांकडे येतात. त्याच वेळी या विषयाचे प्राथमिक मार्गदर्शन त्यांना मिळाले, तर विद्यार्थ्यांइतकाच त्यांच्या मागे राहणाऱ्या पालकांनाही त्याचा उपयोग होईल.