चेन्नईची विधानसभा राज्यघटना बदलू शकते का?

आधी एक कोडं. तामिळनाडूच्या विधानसभेत २३४ आमदार आहेत. समजा, एक दिवस ते सगळे एकमुखाने म्हणाले, "भारताच्या राज्यघटनेतला एक शब्द आम्हाला बदलायचा आहे." विरोधात एकही हात वर झाला नाही. तर तो शब्द बदलेल का?

उत्तर शोधायला आपण चेन्नईच्या दक्षिण भागात जाऊ. तिथे पेरुंगुडी नावाची वस्ती आहे. काचेच्या उंच इमारती, त्यांत संगणकांवर चालणारी कामं, आणि जवळच पळ्ळिकरणैची मोठी पाणथळ, जिथे रोहित पक्षी उतरतात. नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडून गेलेली मराठी घरंही या भागात भेटतात. याच पेरुंगुडीत कायदा शिकवणाऱ्या एका विद्यापीठाचा परिसर आहे. त्याचं नाव तामिळनाडू डॉ. आंबेडकर विधि विद्यापीठ! आपल्या बाबासाहेबांच्या नावाच्या या विद्यापीठात मुलं-मुली राज्यघटनेचं एकेक कलम वाचतात. पेरुंगुडीला लोकल गाडीचं स्टेशन आहे, आणि त्याच लोहमार्गावर पुढे चेन्नई फोर्ट नावाचं स्टेशन लागतं. फोर्ट म्हणजे सेंट जॉर्ज किल्ला. इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधलेल्या या किल्ल्यात तामिळनाडूची विधानसभा भरते.

आता उत्तर ऐका. २३४ पैकी २३४ आमदार "हो" म्हणाले, तरी घटनेतला एक काना-मात्राही त्यांना स्वतः बदलता येत नाही. घटना कशी बदलायची ते कलम ३६८ मध्ये लिहिलंय. घटनादुरुस्तीचं विधेयक मांडायचं ते फक्त संसदेत, म्हणजे लोकसभेत किंवा राज्यसभेत. मुंबईच्या, चेन्नईच्या किंवा गोव्याच्या विधानसभेत ते मांडताच येत नाही.

मग विधानसभा काय करू शकते? ती ठराव करू शकते. "मधली सुट्टी दहा मिनिटं वाढवा," असा अर्ज अख्ख्या वर्गाने सह्या करून मुख्याध्यापकांना द्यावा, तसा हा ठराव असतो. वेळापत्रक बदलायचं की नाही, ते मुख्याध्यापकांच्या हातात. पण एवढ्यावरच गोष्ट संपली असती, तर मी हा लेख लिहिलाच नसता. चेन्नईच्या त्या किल्ल्यातून निघालेल्या ठरावांमुळे घटनेचा मजकूर खरोखर बदललाय!

सगळ्यात सुंदर गोष्ट नावाची. पूर्वी या राज्याचं नाव होतं मद्रास. तिथल्या लोकांना आपल्या राज्याचं नाव आपल्या भाषेत हवं होतं. १९५६ मध्ये शंकरलिंगनार नावाच्या वयस्कर गांधीवादी कार्यकर्त्याने उपोषण सुरू केलं. त्यांच्या मागण्यांमध्ये ही नावाची मागणीही होती. सत्तरहून अधिक दिवस उपोषण चाललं आणि १३ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांचा मृत्यू झाला. एका नावासाठी माणूस एवढं करतो, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो. पुढे राज्यसभेत भूपेश गुप्त या खासदारांनी नाव बदलायचं विधेयक मांडलं. गुप्त होते बंगालचे, पण मागणी मांडली तमिळ लोकांची! सी. एन. अण्णादुराई तेव्हा राज्यसभेत होते. त्यांनी या विधेयकाच्या बाजूने भाषण केलं, पण विधेयक नामंजूर झालं.

मग १९६७ च्या निवडणुकीनंतर अण्णादुराई स्वतःच मुख्यमंत्री झाले. १८ जुलै १९६७ रोजी विधानसभेत ठराव आला: राज्याचं नाव 'तामिळनाडू' असावं आणि त्यासाठी केंद्राने पावलं उचलावीत. ठराव एकमताने मंजूर झाला. १९६८ मध्ये संसदेने कायदा केला आणि १४ जानेवारी १९६९ रोजी, पोंगलच्या सणासुदीत, मद्रास राज्याचं तामिळनाडू झालं. त्यानंतर तीनच आठवड्यांत, ३ फेब्रुवारीला अण्णादुराई वारले. नाव बदललेलं पाहायला ते होते, याचं मला फार बरं वाटतं.

यात घटना कुठे आली? घटनेच्या शेवटी याद्या आहेत, त्यांना अनुसूची म्हणतात. पहिल्या अनुसूचीत देशातल्या सगळ्या राज्यांची नावं क्रमाने दिली आहेत. त्यात सातव्या क्रमांकावर तामिळनाडू आहे आणि आठव्यावर लगेच महाराष्ट्र. नकाशात आपण शेजारी नाही, पण घटनेच्या यादीत आहोत! १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं, तेव्हाही संसदेने कायदा करून हीच यादी बदलली होती.

इथे एक मजेशीर नियम आहे. राज्यांची नावं आणि सीमा बदलायला साधा कायदा पुरतो, असं कलम ३ आणि ४ सांगतात. त्या कायद्याने घटनेचा मजकूर बदलतो, पण त्याला 'घटनादुरुस्ती' म्हणायचं नाही, असंही कलम ४ मध्येच लिहून ठेवलंय. २०२३ पर्यंत १०६ घटनादुरुस्त्या झाल्या. पण त्यांत 'मद्रास'चं 'तामिळनाडू' शोधायला जाल, तर सापडणार नाही.

ओडिशाला मात्र दोन्ही वाटांनी जावं लागलं. २००८ मध्ये तिथल्या विधानसभेने ठराव केला की 'ओरिसा'चं 'ओडिशा' करा आणि आमच्या भाषेचं नाव 'ओरिया'ऐवजी 'ओडिया' लिहा. राज्याचं नाव साध्या कायद्याने बदललं. भाषेचं नाव मात्र आठव्या अनुसूचीत असतं, जिथे आपली मराठीही आहे. त्या यादीला हात लावायचा तर खरीखुरी घटनादुरुस्ती लागते. म्हणून २०११ मध्ये ९६ वी घटनादुरुस्ती झाली. केरळ विधानसभेने २०२३ मध्ये 'केरळम' नावासाठी ठराव केला, तेव्हा त्यात कुठल्या अनुसूचीचा उल्लेख हवा, याबद्दल केंद्राने तांत्रिक बदल सुचवले. मग जून २०२४ मध्ये विधानसभेने नवा ठराव केला. कुठल्या यादीला कुठली वाट लागते, हे नीट पाहूनच ठराव लिहावा लागतो.

आता परत चेन्नईच्या किल्ल्यात येऊ. कारण एका बाबतीत विधानसभेचा ठराव नुसत्या अर्जापेक्षा फार वजनदार असतो.

महाराष्ट्रात दोन सभागृहं आहेत, विधानसभा आणि विधान परिषद, हे तुम्ही नागरिकशास्त्रात वाचलंय. तामिळनाडूतही १९३७ पासून अशी दोन सभागृहं होती. १९८६ मध्ये, एम. जी. रामचंद्रन मुख्यमंत्री असताना, विधानसभेने ठराव केला की आम्हाला विधान परिषद नको. संसदेने कायदा केला आणि १ नोव्हेंबर १९८६ पासून तिथली विधान परिषद बंद झाली.

हे घडतं कलम १६९ मुळे. विधान परिषद काढायची किंवा नव्याने आणायची, तर आधी त्या राज्याच्या विधानसभेनेच ठराव करायला हवा. तोही साधासुधा नाही. एकूण आमदारांपैकी निम्म्याहून जास्त बाजूने हवेत, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश हवेत. असा ठराव नसेल, तर संसद स्वतःहून काहीच करू शकत नाही. सुरुवात राज्यानेच करायची!

पुढची कहाणी तर आणखी रंगतदार आहे. २०१० मध्ये करुणानिधी मुख्यमंत्री होते. विधानसभेने उलटा ठराव केला: आम्हाला विधान परिषद परत हवी. संसदेने तसा कायदाही केला, ७८ सदस्यांचा. ७८ च का? कारण विधान परिषदेत विधानसभेच्या एक तृतीयांशाहून जास्त सदस्य असू शकत नाहीत. २३४ ला ३ ने भागून पाहा. आपल्या महाराष्ट्राच्या विधान परिषदेतही ७८ च सदस्य आहेत, पण आपल्याकडे २८८ आमदार असल्यामुळे ती मर्यादा ९६ पर्यंत जाते. असो. २०११ मध्ये सरकार बदललं, जयललिता मुख्यमंत्री झाल्या आणि विधानसभेने पुन्हा ठराव केला: नको! ती विधान परिषद कधी भरलीच नाही.

ही कलम १६९ ची कल्पना कुठून आली, ते मला फार आवडतं. बाबासाहेबांच्या मसुदा समितीने फेब्रुवारी १९४८ मध्ये घटनेचा मसुदा तयार केला. त्यात घटना बदलण्याचं कलम होतं ३०४. त्याच्या दुसऱ्या भागात लिहिलं होतं की राज्यपाल कसा निवडायचा आणि राज्यात सभागृहं किती असावीत, या दोन गोष्टींपुरतं घटना बदलण्याचं विधेयक राज्याच्या विधिमंडळातच मांडता येईल. तिथे मंजूर झालं की ते संसदेकडे होकारासाठी जाईल. पाहा हं, सगळी दिशाच उलटी! राज्य मांडणार आणि संसद संमती देणार. पुढे राज्यपाल निवडायचे नाहीत, नेमायचे, असं ठरलं, त्यामुळे तो भाग गळाला. सभागृहांचा भाग वेगळ्या रूपात कलम १६९ मध्ये उरला. पेरुंगुडीच्या विद्यापीठातल्या मुलांनी हा जुना मसुदा नक्की चाळावा. घटनेत जे आलं नाही, तेही वाचण्यासारखं असतं.

राज्याच्या मागणीवरून खरीखुरी, क्रमांक असलेली घटनादुरुस्तीही झालीय. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पिढ्यानपिढ्या शाळेपासून आणि नोकऱ्यांपासून दूर ठेवलं गेलं, त्यांच्यासाठी काही जागा राखून ठेवतात. त्याला आरक्षण म्हणतात. तामिळनाडूत ते ६९ टक्के होतं. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एरवी ते ५० टक्क्यांच्या वर जाऊ नये. नोव्हेंबर १९९३ मध्ये चेन्नईत विधानसभेचं विशेष अधिवेशन भरलं आणि घटनेत योग्य ती दुरुस्ती करा, असा ठराव एकमताने झाला. मग विधानसभेने ६९ टक्क्यांचा कायदा केला, १९९४ मध्ये राष्ट्रपतींनी त्याला संमती दिली आणि त्याच वर्षी संसदेने ७६ वी घटनादुरुस्ती करून तो कायदा नवव्या अनुसूचीत, म्हणजे कायद्यांना न्यायालयातल्या आव्हानापासून जपण्यासाठी केलेल्या यादीत, घातला.

उलट दिशेनेही राज्यांचं काम असतं. राज्यांच्या अधिकारांना धक्का लावणारी काही दुरुस्ती संसदेत मंजूर झाली, तरी निदान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचा होकार यावा लागतो. जीएसटी आठवतोय? दुकानाच्या बिलावर तळाशी लिहिलेला असतो तो कर. त्यासाठी १०१ वी घटनादुरुस्ती लागली. आसामने सगळ्यात आधी होकार दिला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २९ ऑगस्ट २०१६ रोजी खास अधिवेशन भरवून होकार दिला.

अमेरिकेत राज्यांच्या हातात याहून मोठी किल्ली आहे. तिथल्या ५० पैकी ३४ राज्यांच्या विधिमंडळांनी मागणी केली, तर घटनादुरुस्त्या सुचवण्यासाठी खास परिषद बोलवावीच लागते. ही वाट त्यांच्या घटनेत १७८७ पासून लिहिलेली आहे, पण आजवर एकदाही वापरलेली नाही. त्यांच्या सगळ्या २७ दुरुस्त्या तिथल्या संसदेनेच सुचवल्या.

आपल्याकडे मला एक गोष्ट मनापासून खटकते. राज्याच्या ठरावाला अमुक दिवसांत उत्तर द्या, असा नियम घटनेत नाही. पश्चिम बंगालच्या विधानसभेने २०१८ मध्ये राज्याचं नाव 'बांगला' करा, असा ठराव एकमताने केला आणि पुढची कितीतरी वर्षं नाव होतं तेच राहिलं. संसदेने प्रत्येक मागणी मान्य करावी, असं मी म्हणत नाही. सगळ्या देशाचा विचार तिला करावा लागतो. पण कोट्यवधी लोकांनी निवडून दिलेलं सभागृह काही मागतं, तेव्हा "हो" किंवा "नाही" आणि त्याचं कारण एवढं तरी ठरलेल्या मुदतीत मिळायला हवं.

तामिळनाडूने याहून मोठी मागणीही करून पाहिली आहे. १९६९ मध्ये तिथल्या सरकारने न्यायमूर्ती पी. व्ही. राजमन्नार यांची समिती नेमली. केंद्राकडे काय असावं आणि राज्यांकडे काय, याचा अहवाल समितीने १९७१ मध्ये दिला. एप्रिल १९७४ मध्ये विधानसभेने त्याच्या आधारावर राज्यांना जास्त स्वायत्तता द्या, असा ठराव केला. केंद्राने तो स्वीकारला नाही. उलट १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने 'शिक्षण' हा विषय राज्यांच्या यादीतून काढून, केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा सामाईक यादीत घातला. म्हणजे तुमच्या शाळेबद्दलचे कायदे कोणी करायचे, तेही एका घटनादुरुस्तीने बदललं!

१५ एप्रिल २०२५ रोजी मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी त्याच विधानसभेत नवी समिती जाहीर केली. तिचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुरियन जोसेफ. राज्यांकडून गेलेले विषय परत कसे आणता येतील, हेही समितीने पाहायचं ठरलं. अंतिम अहवालासाठी दोन वर्षांची मुदत ठरली. त्यातून घटना बदलायची सूचना निघाली, तर तिचं विधेयक दिल्लीतच मांडावं लागेल. ते मांडायला मंत्रीच हवा असंही नाही. भूपेश गुप्तांसारखा, मंत्री नसलेला कोणताही खासदार ते मांडू शकतो, मग तो तामिळनाडूचा असो, बंगालचा असो, नाहीतर तुमच्या जिल्ह्याचा.